डावीकडे वळणारा उजवीकडे बघतो

आमच्या ऑफिसातल्या उंदरांनी लालबागची वाहतूक दोनतीनदा तरी खाऊन टाकली असेल. सोमवारी सकाळी साहेब कुलूप काढून आत यायचे, टेबलावरच्या फळीवरचं मेणकापड उचलायचे आणि शांतपणे जाहीर करायचे, "आज बसेस बंद." बस म्हणजे खारीक. उंदराला खारीक सगळ्यांत प्रिय. त्याखालोखाल पांढरे वाटाणे, म्हणजे खासगी गाड्या. काळ्या वाटाण्यांच्या टॅक्सींना तो क्वचित तोंड लावायचा आणि सुपारीच्या ट्रकांना तर कधीच नाही. उंदीरसुद्धा ट्रकच्या वाटेला जात नाही, हे साहेबांचं निरीक्षण ते पाहुण्यांनाही गंभीर चेहऱ्याने ऐकवत.

रस्ते आणि वाहतुकीचं नियोजन करणाऱ्या त्या परळच्या ऑफिसात मी नुकतीच इंजिनीअर होऊन चिकटले होते आणि ते माझे वरिष्ठ होते. गिरण्यांचा संप सुरू होऊन चारपाच वर्षं झाली होती. तो मिटला असं कुणी जाहीर केलं नव्हतं आणि चालू आहे असंही आता कुणी म्हणत नव्हतं. पहिल्याच दिवशी मला त्यांच्या हाताखाली नेऊन बसवलं तेव्हा हेडक्लार्क हळूच म्हणाले, स्वयंपाक येतो ना, मग जमेल तुम्हाला.

फळी म्हणजे दाराएवढं प्लायवूड. त्यावर ऑइलपेंटने एक चौक रंगवलेला, फुटपाथ पांढरे, रस्ते काळे. एक लुडोचा फासा. फासा टाकायचा, जो आकडा पडेल त्यावरून कुठल्या बाजूने काय आलं ते ठरायचं, मग ते कडधान्य सिग्नलपर्यंत सरकवायचं, थांबवायचं, सोडायचं, आणि कोण किती खोळंबलं ते बघायचं. सिग्नलचा वेळ बदलून पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुढे याला सिम्युलेशन म्हणतात हे मला कळलं. साहेब मात्र त्याला लुटुपुटूचा रस्ता म्हणत. खऱ्या रस्त्यावर चूक झाली की माणूस मरतो, इथे फार तर वाटाणा टेबलाखाली जातो, एवढंच त्यांचं त्यावरचं तत्त्वज्ञान होतं. टेबलाखाली गेलेला वाटाणा मात्र ते स्वतः वाकून शोधायचे आणि सापडेपर्यंत काम थांबायचं.

त्यांचं एक वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. "डावीकडे वळणारा उजवीकडे बघतो." म्हणजे असं, की चौकात डावीकडे वळणाऱ्या ड्रायव्हरला भीती असते ती उजवीकडून येणाऱ्या गाड्यांची. तो मान तिकडे ठेवतो, हात मात्र गाडी डावीकडे वळवत असतात, आणि डावीकडच्या फुटपाथवरून कुणी खाली उतरलं असेल तर त्याला पत्ताच नसतो. आपल्या बाजूला बघणारा एकच, तो रिकामा टॅक्सीवाला, आणि तोही भाडं शोधायला, असं ते पुढे जोडत.

हे त्यांना एकदा सुचलं आणि मग त्यांच्या डोक्याला दुसरं काही शिवलं नाही. दादरला ऑफिसातल्या एकाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. वरात कोपऱ्यावरून कार्यालयाकडे वळली तर हे फुटपाथवर उभे, आणि नवरदेवाच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारतायत, आत्ता वळताना तुम्ही कुठे पाहिलंत. ड्रायव्हरला वाटलं, गाडी कुणाला घासली. तो घाबरून खाली उतरला, बँड थांबला, नवरदेव मुंडावळ्या बाजूला करून बघायला लागला. साहेबांना त्याचं काहीच नव्हतं. उत्तर मिळाल्यावर ते समाधानाने जेवायला बसले आणि दोनदा जिलेबी मागून घेतली.

एकदा तर त्यांनी ऑफिसातच प्रयोग लावला. आमच्या पॅसेजला एक आंधळं वळण होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगायचे, फाईल घेऊन वळा, मी बघतो तुम्ही कुठे बघताय. सगळे वळले, सगळ्यांनी उजवीकडे पाहिलं, साहेब खूष. मग चहाचा ट्रे घेऊन शिपाई वळला, त्यानेही नेमानं उजवीकडे पाहिलं, आणि डावीकडच्या केबिनमधून आमचे चीफसाहेब बाहेर पडले. चीफसाहेबांचा शर्ट गेला. साहेब धावत आले ते माफी मागायला नाही. त्यांनी चीफसाहेबांनाच विचारलं, "आणि तुम्ही बाहेर पडताना कुठे बघत होतात?"

चीफसाहेब वाईट माणूस नव्हते. घाईतले होते, एवढंच. त्यांनी साहेबांना बराच काळ सांभाळून घेतलं, यामागे साहेबांचं गणित चोख होतं हे एक कारण आणि दुसरं म्हणजे त्यांनाही त्या फळीचं मनातून कुतूहल होतं. जाता येता एखादा वाटाणा पुढे सरकवायचे आणि काहीच न केल्यासारखे निघून जायचे.

साहेब राहायचे गिरगावात, एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. ऑफिसला यायचे ते डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर बसून. तिथून चौक वरून दिसतात. ती जागा मिळाली नाही तर बस सोडून द्यायचे. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा त्यांच्या बायकोने पोहे दिले आणि अगदी सहज तक्रार केली, की आमच्याकडे मसुराची आमटी होत नाही. घरात मसूर आले की हे त्यातले सारख्या आकाराचे निवडून डबीत घालून ऑफिसला नेतात. उरतात ते फुटके. "फुटक्यांची काय आमटी करायची," त्या म्हणाल्या. साहेब गॅलरीत उभे राहून खाली कोपऱ्याकडे बघत होते, त्यांनी ऐकलंच नाही.

ती मसुराची डबी मला ठाऊक होती. साधी पायी चालणारी माणसं म्हणजे मूग. ते इकडेतिकडे विखुरलेले असत. मसूर मात्र वेगळे. फळीवर ज्या कोपऱ्याला गिरणीचा दरवाजा होता तिथे, पाळी सुटायच्या वेळी, साहेब डबी उघडून मसुरांची मूठ रस्त्यात ओतायचे. त्यासाठी फासा टाकायचा नाही, असा नियम होता. एरवी माणूस रस्त्यात उतरला तर गाडी थांबायला सहा पडावे लागत. मसुरांची मूठ उतरली की सगळ्या गाड्या मुकाट्याने थांबवायच्या. पाळी सुटल्यावर कुठला ड्रायव्हर फासे टाकतो, असं ते म्हणायचे.

आता तो कोपरा. काळाचौकीकडून लालबागला जाताना गिरणीच्या दरवाजासमोर लागणारा. शिवडीच्या बाजूने येणारे ट्रक आणि गाड्या तिथे डावीकडे वळतात. आमच्यासमोर प्रश्न होता तो हा: डावीकडे वळणाऱ्यांना कायमची मोकळीक द्यायची, म्हणजे सिग्नल लाल असला तरी त्यांनी थांबायचंच नाही, की त्यांच्यासाठी वेगळा डावा बाण लावून त्यांनाही थांबवायचं. मोकळीक द्यायची तर फुटपाथचा कोपरा तासून गोल करायचा होता. एकदा फुटपाथ तासला की तो पुन्हा कुणी बांधत नाही. साहेब बाणाच्या बाजूचे. चीफसाहेब, पोलीस, ट्रकवाले सगळे मोकळीकीच्या बाजूचे.

मला त्या कोपऱ्याचं काय पडलं होतं ते सांगून टाकते. आमची खोली काळाचौकीला. बाबा त्याच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते आणि संपापासून घरी होते. मग शिवडीला एका गोदामावर राखणदारी मिळाली, वेळ कधी सकाळची कधी दुपारची, आणि तिथे जाता येता तोच कोपरा ओलांडायचा. त्या वर्षी एका वळणाऱ्या गाडीच्या आरशाने त्यांचं कोपर फोडलं होतं. हाड वाचलं. आई म्हणायची, दुसऱ्या वेळी आरसा नसेल, अख्खी गाडी असेल. फुटपाथ तासला तर गाड्या आणखी वेगात वळणार, हे कळायला मला फळीची गरज नव्हती. पण ऑफिसात घरचं काढायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पहिली नोकरी होती आणि लालबागची मुलगी म्हणून तशीही सगळे जरा जपूनच बोलायचे.

निर्णय लवकर लागावा म्हणून चीफसाहेबांनी बाहेरच्या एका कंपनीला काम दिलं. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता. तो बघायला आम्ही दोघं गेलो. गार खोली, दाराबाहेर चपला काढायच्या. साहेबांच्या मोज्याला भोक होतं, ते त्यांनी दुसऱ्या पायाने झाकलं आणि मशीनसमोर देवासमोर बसावं तसे बसले. माझ्याच वयाचा एक मुलगा समजावून सांगत होता: मशीन खोट्या गाड्या रस्त्यावर सोडतं, त्यांना खोट्या सिग्नलला थांबवतं, आणि कोण किती खोळंबलं ते छापून देतं. "म्हणजे आमचंच," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "उंदीर वजा." त्यांना मत्सर वाटेल असं मला वाटलं होतं. पण ते इतके हरखले की मुलगाच गोंधळला. त्यांनी त्याला विचारलं, तुमचा ड्रायव्हर वळताना कुठे बघतो? मुलगा म्हणाला, सर, त्याला डोळे नाहीत.

मशीनचा निकाल स्वच्छ होता. मोकळीक द्या, कुणी खोळंबत नाही, गाड्या वळणावर आपोआप हळू होतात. कागदाची ती लांबलचक घडी साहेब घरी घेऊन गेले. आठवडाभर त्यांना दुसरं काही सुचेना. निकाल विरुद्ध गेला याचं दुःख नव्हतं. त्यांना छळत होतं ते वेगळंच. मशीनच्या रस्त्यावर गाड्या इतक्या शहाण्यासारख्या हळू का होतात? खऱ्या कोपऱ्यावर तर कुणी होत नाही. कुणी शिकवलं त्यांना?

शेवटी टेप घेऊन आम्ही कोपऱ्यावर गेलो. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. मशीनला दिलेल्या मापापेक्षा रस्ता बराच रुंद निघाला. पुन्हा मोजला, तेवढाच. साहेब रस्त्याच्या मधोमध उभे, ट्रक भोंगे वाजवतायत, आणि हे टेपकडे बघतायत. तेवढ्यात मला फुटपाथपासून थोड्या अंतरावर डांबरात भरलेल्या गोल ठिगळांची एक ओळ दिसली. मशीनचा रस्ता बरोबर त्या ओळीपाशी संपत होता. आमच्याकडे ही ठिगळं शेंबडं पोरही ओळखेल. मी म्हटलं, "साहेब, हे मंडपाचे खड्डे."

पाहणी करणारी माणसं भाद्रपदात आली होती. कोपऱ्यावरच्या मंडळाचा मंडप अर्धा रस्ता खाऊन उभा, बांबू डांबरात रोवलेले, वरून कापड. त्यांनी इमानदारीत टेप लावला तो बांबूपासून. बांबू चुकवत वळायचं म्हणून गाड्या हळू होत होत्या, तेही त्यांनी इमानदारीत टिपलं. मग गणपती गेले, बांबू निघाले, खड्डे बुजले. मशीनमध्ये मंडप तसाच राहिला. साहेब उकिडवे बसले, एका ठिगळावर बोट फिरवलं आणि असे हसायला लागले की समोरचा पानवाला गल्ला सोडून बघायला आला.

मशीनवाला मुलगा मोकळ्या मनाचा होता. चूक कळल्यावर तोही हसला, सगळं पुन्हा चालवतो म्हणाला, आणि सर, तुमची फळी बघायची आहे, म्हणाला. आला. फासे टाकले, खारका सरकवल्या, अगदी रमला. साहेबांनी रंगात येऊन डबी उघडली आणि मसुरांची मूठ ओतली. डावीकडे वळणारे सगळे वाटाणे अडकले, त्यांच्यामागे सुपाऱ्या, त्यांच्यामागे खारका, रांग पार फळीच्या कडेपर्यंत गेली. हे बघा, साहेब म्हणाले, मोकळीक दिली तर पाळी सुटल्यावर असं तुंबतं, म्हणून बाण हवा.

मुलाने अगदी साधेपणाने विचारलं, "सर, ही गिरणी चालू आहे?"

हेडक्लार्कनी चष्मा काढून पुसायला घेतला. गिरणी बंद आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांनाही ठाऊक होतं. रोज तिच्या भिंतीजवळूनच तर यायचे. संप मिटेल म्हणून त्यांनी पहिल्या वर्षी मसूर ठेवले, दुसऱ्या वर्षी ठेवले, आणि मग ते काढायचे कधी हे ठरवायला कुणी आलंच नाही. माझं विचाराल तर ती मूठ रस्त्यात पडली की मला बरं वाटायचं. त्यात पुढच्या बाजूला एक दाणा माझ्या बाबांचा असायचा. मुंबईत निदान एका टेबलावर त्यांची पाळी अजून सुटत होती.

साहेब मुलाला म्हणाले, "तुमच्या रस्त्यावर बारा महिने गणपती, आणि माझ्या रस्त्यावर बारा महिने गिरणी. आपण दोघं सारखेच." आणि तळहाताने सगळे मसूर गोळा करून त्यांनी डबीत भरले. एकही टेबलाखाली पडू दिला नाही.

मसुरांवाचून त्यांनी दोन दिवस फळी चालवली. निकाल मशीनसारखाच आला, मोकळीक द्या, कुणी खोळंबत नाही. दुसरा कुणी असता तर त्याने गुपचूप चारदोन मसूर परत ठेवले असते. साहेबांनी चीफसाहेबांना जाऊन सांगितलं, की बाणाची गरज दिसत नाही. त्या दिवशी त्यांच्या डब्यात मसुराची आमटी होती. ऑफिसातल्या मसुरांची नव्हे, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. पण खाल्ली नाही.

मला रडू येईल असं वाटलं आणि राग तर आलाच. फुटपाथ तासणार होते, आणि तोही आमच्या माणसाच्या सहीने. पण साहेबांचं डोकं अजून तिथेच फिरत होतं. संध्याकाळी निघताना त्यांनी मला थांबवलं. "गाडी वळते, पण नाहीशी होत नाही. माणसंही होत नसणार. ती माणसं आता चालतात कुठून?"

मी म्हटलं, "घरी चला माझ्या. एक दाखवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या खोलीत आले. आईने चहा टाकला, शेजारच्या बायका दारातून डोकावून गेल्या. बाबा ड्युटीवर जायच्या तयारीत होते. साहेबांनी एकदम मुद्द्यालाच हात घातला: पाळी सुटल्यावर तो कोपरा तुम्ही कसा ओलांडायचात? बाबा आधी संकोचले, मग खुलले. त्यांचं खातं दरवाजाजवळ, त्यामुळे बाहेर पडणाऱ्यांत तेच पुढे असायचे. पुढच्याने हात वर करायचा, पंजा गाड्यांकडे, आणि मागे न बघता उतरायचं, ही तिथली रीत. गाड्या थांबायच्याच. साहेबांनी विचारलं, आणि आता?

"आदी हात वर केलंय काय मागसून अख्खी पाळी आसायची," बाबा आपल्या मालवणीत म्हणाले. "आता हात वर केलंय तर टॅक्सी थांबता. किधर जाना है, म्हणता."

आई हसली, बाबाही हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, मी तुमच्याबरोबर येऊ का कोपऱ्यापर्यंत.

आम्ही तिघं गेलो. बाबा फुटपाथच्या कडेला उभे राहिले. गाड्यांमागून गाड्या वळत होत्या, आणि प्रत्येक ड्रायव्हरची मान उजवीकडे. बाबांनी हात वर केला. एकाने वेग जरा कमी केला, तर मागच्याने त्याला ओलांडून गाडी पुढे काढली. बाबांनी हात खाली घेतला. पुन्हा वर केला. खरंच एक टॅक्सी येऊन थांबली. साहेब माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "अहो, सिग्नल इथे होताच. हजार माणसांचा होता. तो निघाला म्हणून तर बाण हवा. आणि मी उलटं लिहून आलो."

घरी न जाता ते ऑफिसात परतले. फळीवर त्यांनी डबीतला एकच मसूर काढून कोपऱ्यावर ठेवला. इतके दिवस आम्ही आणि मशीनने, दोघांनीही, फक्त गाड्या किती खोळंबल्या ते मोजलं होतं. काठावरचा दाणा किती वेळ उभा आहे हे कुणी बघितलंच नव्हतं. नियम जुनेच ठेवले: गाडी थांबायला सहा. फक्त बाबांच्या कोपऱ्यावर पाहिलेलं एक जोडलं. पहिली थांबली तरी मागची तिला ओलांडते, म्हणून सलग दोनदा सहा.

सकाळी चीफसाहेब आले तेव्हा साहेबांनी काही युक्तिवाद केला नाही. फासा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "एवढा एक दाणा पलीकडे न्या." चीफसाहेबांनी उभ्याउभ्याच टाकला. तीन. पुन्हा टाकला. मग खुर्ची ओढली. एकदा सहा पडले, त्यांनी आशेने दुसऱ्यांदा टाकला, तर दोन. चहा आला, त्यावर साय धरली. मीटिंगला बोलवायला शिपाई आला, त्याला हाताने परत पाठवलं. आम्ही सगळे भोवती गोळा झालो होतो, हेडक्लार्क दर वेळी "आता पडेल" म्हणत होते. एकदा तर चीफसाहेबांनी फासा बोटाने हळूच पालथा केला. साहेबांनी तो पुन्हा त्यांच्या हातात ठेवला. मसूर काठावर जसा होता तसाच होता.

"हा कोण आहे?" शेवटी चीफसाहेबांनी वैतागून विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. घरचं ऑफिसात काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मी म्हटलं, "माझे वडील, साहेब. त्या गिरणीतले. रोज तिथूनच जातात."

चीफसाहेबांनी फासा त्या दाण्याशेजारी ठेवला. मग उठले, जाताना शिपायाला चहा गरम करून आणायला सांगितला आणि केबिनचं दार लावून घेतलं. फुटपाथ तासायचं रद्द झाल्याचं आम्हाला त्याच आठवड्यात कळलं. बाण मंजूर झाला.

मंजूर झालेला बाण खांबावर चढायला बरेच महिने गेले, कारण तो येणार होता एका खात्याकडून आणि खांब दुसऱ्या. अखेर लागला त्या दिवशी साहेब नवा शर्ट घालून आले होते. आम्ही कोपऱ्यावर पानवाल्याच्या सावलीत उभे राहिलो. बाबा ड्युटीवर निघाले होते. बाण लाल झाला, गाड्या थांबल्या, सगळ्या, अगदी ट्रकसुद्धा. बाबांनी खांबाकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं आणि तरीही हात वर केला, पंजा गाड्यांकडे, आणि मागे न बघता उतरले. त्यांच्यामागे माहीमची एक कोळीण पाटी घेऊन उतरली, तिच्यामागे एक म्हातारा. मला इतका आनंद झाला की मी साहेबांचा हातच धरला. ते बाबांच्या वर केलेल्या हाताकडेच बघत होते.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, लाल बाण होता ना, मग हात कशाला? बाबा जेवताना म्हणाले, "लाईट गेली काय बाण पण गेलो. हात खंय जाता?"

हे मी सकाळी साहेबांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते मनापासून हसतील. ते हसले खरे, पण लगेच थांबले आणि मला विचारायला लागले, तिकडे लाईट वरचेवर जाते का. जाते, मी म्हटलं. त्यांनी मेणकापड उचललं. फळीवरच्या चौकात कागदाचा एक छोटा लाल बाण त्यांनी आदल्याच दिवशी हौसेने चिकटवला होता. तो नखाने काढून बाजूला ठेवला. मग काठावर एक मसूर ठेवला आणि फासा टाकला. गाडी थांबली नाही. त्यांनी डबीतून दुसरा दाणा काढून पहिल्याच्या मागे ठेवला, पुन्हा फासा टाकला. नाही थांबली. तिसरा ठेवला.

"मूठ म्हणजे नक्की किती, हे मी कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. "मागे किती जण असले की गाडी थांबते?"

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि डबी माझ्याकडे घेतली. ते फासा टाकत राहिले, मी एकेक दाणा मागे ठेवत गेले.